निपचितरावांचा एकमेव श्वास

चित्रपटात मरणारे पुष्कळ असतात. छातीवर हात दाबून, भिंतीचा आधार घेत, दोन पानांचा संवाद म्हणून होईपर्यंत ते मरत राहतात आणि टाळ्या घेऊन जातात. पण मरणं वेगळं आणि मेलेलं राहणं वेगळं. दार फोडल्यावर आत जो पडलेला सापडतो तो, नदीकाठी ज्याच्याभोवती गर्दी जमते तो, शवागारात ज्याच्या तोंडावरची चादर इन्स्पेक्टर दोन बोटांनी उचलतो आणि नायिका किंचाळते तो, या कामाला निराळा माणूस लागतो. आपले हे गृहस्थ उभी हयात तेच करत आले. धंद्यात त्यांना सगळे निपचितराव म्हणत. खरं नाव फक्त बायकोला आणि बँकेला ठाऊक होतं, आणि बायकोही हल्ली विसरत चालली होती.

जिवंत माणसाची भूमिका त्यांना कधी जमली नाही. कॉलेजच्या नाटकात ते चालायला लागले की उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे जायचा. पहिल्या चित्रपटात त्यांना एकच वाक्य होतं, "साहेब, गाडी आली." ते त्यांनी अशा काही आवाजात म्हटलं की साहेबांचं काम करणाऱ्या नटाने घाबरून विचारलं, "कुणाला उडवलं?" दिग्दर्शक वैतागला. म्हणाला, "याला बोलू देऊ नका, हलू देऊ नका. त्या खुनाच्या प्रसंगात खाली पडायला माणूस हवाय ना, तिथे टाका." तिथे टाकलं, आणि गडी असा पडला की रंगभूषाकार रक्त लावायला आला तो तसाच मागे फिरून डॉक्टरला शोधायला गेला.

तेव्हापासून बस्तान बसलं. त्यांनी त्या पडण्याचं शास्त्र केलं. श्वास छातीने घ्यायचा नाही, पोटाने घ्यायचा, आणि पोटाच्याही कॅमेऱ्यापासून लांबच्या कुशीने. पापण्या मिटण्याआधी लांबवरच्या एखाद्या खिळ्याकडे बघून घ्यायचं आणि मिटल्यावरही त्याच खिळ्याकडे बघत राहायचं, म्हणजे बुबुळं फिरत नाहीत. चित्रीकरणाच्या दिवशी सकाळपासून उपाशी, कारण प्रेताच्या पोटात कावळे ओरडलेले ध्वनिमुद्रकाला चालत नाहीत. माशी नाकावर बसली तर बसू द्यायची. नट मंडळी माशीला घाबरत. निपचितराव तिला सहकलाकार मानत.

आता या माणसाला एक ताई होती.

ताई त्यांच्याहून बरीच मोठी. आईवडील लवकर गेल्यावर हिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोहोचवलं, कॉलेजात घातलं. तिच्या लेखी तो अजूनही धाकट्याच होता. डोक्यावरचे उरलेले केस पांढरे झाले तरी भेटल्यावर ती आधी त्याच्या कानामागे बघायची, धुतलंय की नाही. ताईचे यजमान मात्र ऐन उमेदीत गेले, आणि गेले तेही कसे, तर भर दुपारी जेवून पलंगावर आडवे झाले आणि उठलेच नाहीत. ताईला वाटलं, झोपलेत. ती चवड्यांवर चालत होती. शेजारची मुलं दंगा करत होती त्यांना तिने जाऊन दटावलं, "हळू रे, झोपलेत ते!" ऊन तोंडावर यायला लागलं तेव्हा पडदा ओढला. मग चहा घेऊन गेली.

त्या दिवसापासून निश्चल पडलेला माणूस ताईला बघवत नाही. कुणी झोपलेलं दिसलं की ती जाऊन बरगडीत बोट खुपसते. तो माणूस "ओय!" म्हणाला की "काही नाही, झोप" म्हणून निघून जाते. भाचरं, नातेवाईक, पाहुणे, कुणीही या बोटातून सुटलेलं नाही. बसमध्ये शेजारी डुलकी घेणाऱ्या अनोळखी इन्स्पेक्टरलाही तिने हा प्रसाद दिलेला आहे. लोक हसतात. निपचितराव कधी हसले नाहीत. त्यांनी तिला इतकंच सांगून ठेवलं होतं, की मी सिनेमात गर्दीत असतो. ताईने यजमान गेल्यापासून सिनेमा बघितला नव्हता, त्यामुळे ही थाप बिनबोभाट चालली. थाप तरी कशी म्हणायची? गर्दी असायचीच. ती याच्याभोवती असायची, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

आणि मग प्राचार्यांचा फोन आला.

निपचितराव ज्या कॉलेजातून पास झाले, म्हणजे शेवटी एकदाचे झाले, ते कॉलेज आपल्या प्रदेशातल्या चित्रपटांचा महोत्सव भरवत असे. उद्घाटनाच्या दिवशी नाव काढलेले माजी विद्यार्थी आणि गावातली मोठी माणसं यांचा गौरव व्हायचा. प्राचार्य फोनवरसुद्धा व्यासपीठावरूनच बोलत. "यंदा तीन मानकरी आहेत. हृदयाच्या शस्त्रक्रिया करणारे आपले डॉक्टर, गावातल्या तीन पिढ्यांना पोहायला शिकवणाऱ्या बाई, आणि आपण! प्रत्येकावर एक छोटी चित्रफीत दाखवणार आहोत. आपल्या निवडक मरणांची आम्ही एक मालाच गुंफली आहे. अगदी जीव ओतून केलंय!"

निपचितराव खुर्चीत बसले होते ते उभे राहिले, मग पुन्हा बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं नाव कामाच्या आधी घेतलं होतं. श्रेयनामावलीत त्यांचं नाव कधी आलं नाही. आलंच तर "आणि इतर" मध्ये.

ते आनंदात अंघोळीला गेले, आणि तेवढ्यात घात झाला. बाहेर आले तेव्हा बायको फोन ठेवत होती.

"अहो, वन्संना सांगितलं हो मी! केवढ्या खूश झाल्या! येतायत त्या. म्हणाल्या, पहिल्या रांगेत बसणार, माझ्या धाकट्याचं कौतुक मला डोळे भरून बघायचंय."

निपचितरावांच्या डोक्यावरून पाणी गळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"चित्रफितीचं सांगितलंस?"

"सांगितलं की. तिथे तुमचं काम दाखवणार आहेत म्हटलं." एवढं म्हणून बायको थांबली. तिचा हात तोंडावर गेला. "अगं बाई."

"आता म्हण अगं बाई."

"पण सांगून टाका ना त्यांना एकदाचं. पोटासाठी माणूस काय काय करतो."

"काय सांगू? की ताई, तुझ्या नवऱ्याचं जे झालं ना, ते मी रोज करतो, आणि लोक म्हणतात छान करतो?"

बायकोने टॉवेल पुढे केला.

दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात गेले. तळमजल्यावर, जिन्याखाली, संकलनाची खोली होती. पूर्वी तिथे प्रयोगशाळेची तुटकी स्टुलं ठेवत, आता त्यांवर संगणक होते. चित्रफितीचं काम तिथे शिकवणाऱ्या एका बाईंकडे होतं. विद्यार्थी त्यांना कात्रीबाई म्हणत, कारण त्या चित्रपटच नव्हे, समोरच्याचं बोलणंही मधेच कापत.

"कात्रीबाई, माझं जरा—"

"बसा. आधी बघा. मग बोला."

त्यांनी दिवा मालवला. पडद्यावर निपचितराव मेलेले होते. जिन्याच्या पायथ्याशी, एक पाय वरच्या पायरीवर राहिलेला. बागेतल्या बाकावर, मांडीवरचं वर्तमानपत्र वाऱ्याने फडफडतंय आणि बोटं तशीच. नदीत उपडे, पाठीवरचा शर्ट फुगलेला. गव्हाच्या कोठारात. लग्नाच्या खोलीत. कात्रीबाईंनी कुठलाही संवाद ठेवला नव्हता, नुसते ते आणि भोवतीचे आवाज. आगगाडीची शिटी, दूरवर कुणीतरी भांडी घासतंय, पाणी. निपचितरावांनी स्वतःचं काम असं सलग कधी बघितलं नव्हतं. चित्रपटगृहात ते नजरेत भरायच्या आत कॅमेरा नायकाकडे वळलेला असायचा. त्यांनी अंधारातच बाहीने डोळे टिपले. स्वतःच्या मरणाने गहिवरून येणं हे काही सगळ्यांच्या नशिबात नसतं.

दिवा लागला. "आता बोला," कात्रीबाई म्हणाल्या.

"फार सुंदर केलंय तुम्ही."

"मी काय केलं? पडलात तुम्ही."

"पण हे दाखवू नका."

कात्रीबाईंनी पहिल्यांदाच कुणाला वाक्य पूर्ण करू दिलं. निपचितरावांनी ताईबद्दल सगळं सांगितलं. पलंग, पडदा, चहा, बोट. त्या ऐकत होत्या.

"हं. मग तुमची एखादी जिवंत भूमिका दाखवू. आहे?"

"नाही."

"चालताना? वळताना? मरायच्या आधी जरासे?"

"आधीचं काम दुसरा करतो. मी नंतरचा."

"अहो, एवढ्या वर्षांत एकदा तरी हलला असाल!"

निपचितराव गप्प झाले. ते गप्प झाले की कळायचं नाही, कारण त्यांचा चेहरा तसाही गप्पच असे. पण कात्रीबाईंनी आयुष्य चेहरे थांबवून बघण्यात घालवलं होतं. "हललात," त्या म्हणाल्या. "आणि कधी, ते मला ठाऊक आहे."

धंद्यातल्या प्रत्येक माणसाला एक दिवस असा असतो, की ज्याचा विषय कुणी काढू नये अशी त्याची इच्छा असते आणि भेटेल तो तोच विषय काढतो. निपचितरावांचा तो दिवस एका मोठ्या दिग्दर्शकाच्या चित्रपटात होता. या दिग्दर्शकांना धंद्यात हुंदकेसाहेब म्हणत. त्यांच्या चित्रपटाला जाताना बायका दोन रुमाल नेत. त्या चित्रपटाच्या शेवटी म्हातारी आई शवागारात येऊन मुलाची ओळख पटवते आणि मग त्याच्याशी बोलते. नटी त्या दिवशी अशी काही रंगात आली की ठरलेला संवाद संपला तरी बोलतच राहिली. कॅमेरावाला रडत होता, हुंदकेसाहेब रडत होते, चहावाला कपबशी हातात धरून रडत होता. सगळं युनिट आईकडे बघत होतं. मुलाकडे कुणी बघितलं नाही. आणि मुलाचा श्वास संपला. पोट टम्म वर आलं, हळूच खाली गेलं आणि पायाचा अंगठा थरथरला.

ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. संकलनाच्या टेबलावरही सगळे आईकडेच बघून रडले. बघितलं ते प्रेक्षकांनी, पहिल्याच खेळाला. मागून एकजण ओरडला, "माई, रडू नका, तो ऐकतोय!" आणि अख्खं थिएटर हसण्यात बुडालं. चित्रपट आठवडाभरसुद्धा टिकला नाही. हुंदकेसाहेबांनी त्यानंतर निपचितरावांना घेतलं नाही, की समोर आल्यावर ओळख दाखवली नाही. निपचितरावांनीही सबब सांगितली नाही. नंतर कितीतरी दिवस सेटवर कुणीतरी त्यांच्या तोंडासमोर आरसा धरायचं, धुकं धरतंय का बघायला.

"तो तुकडा माझ्याकडे आहे," कात्रीबाई म्हणाल्या. "मुलांना शिकवताना दाखवते. काय करू नये म्हणून." मग त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं. "माफ करा. पण त्यात तुम्ही जिवंत आहात, हे कुणालाही दिसतं."

"ते दाखवण्यापेक्षा मी मेलेला बरा."

"कुणासाठी बरा?"

निपचितराव उठले. दारात कात्रीबाईंनी त्यांना थांबवलं. "दोन्ही तयार ठेवते. तुम्ही मंचावर असाल, मी मागे यंत्राच्या खोलीत. तुमचं नाव पुकारलं आणि तुम्ही बसून राहिलात, तर पहिली लावीन. उठून उभे राहिलात, तर दुसरी. दिवे जायच्या आत ठरवा. अंधारात मला काही दिसत नाही."

"आणि एक," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मानचिन्ह हुंदकेसाहेबांच्या हस्ते आहे."

महोत्सवाच्या दिवशी ते ताईला आणायला बसस्थानकावर गेले. घरून निघताना शपथ घेतली होती, की पोहोचायच्या आत तिला सगळं सांगायचं आणि दोन्ही तुकड्यांची कटकटच मिटवायची. ताई उतरली. ठेवणीतले कपडे, केसांना तेल, आणि चेहऱ्यावर अशी चमक की जणू सत्कार तिचाच आहे. आल्याआल्या तिने त्याचा कान वाकवून बघितला.

"ताई, तुला एक सांगायचंय."

"सांग की."

"ते माझं काम म्हणजे…"

"अरे, लाजतोस काय? गर्दीत तर गर्दीत! गर्दी नसेल तर सिनेमात शहर दिसेल कसं? मी शेजारणीला तेच सांगितलं. ती म्हणाली, गर्दीतल्या माणसाचा कधी सत्कार करतात का? म्हटलं, माझा धाकट्या गर्दीत असा उभा राहत असेल की गर्दीलाच शोभा येत असेल!" असं म्हणून तिने त्याचा दंड धरला. "आज ते असायला हवे होते रे."

झालं. यानंतर कोण काय सांगणार? निपचितराव सभागृहापर्यंत तिची पिशवी उचलून चालत राहिले, उजव्या पायाबरोबर उजवा हात.

सभागृह खच्चून भरलं होतं. मंचावर पडद्याच्या पुढे खुर्च्या मांडलेल्या. एका टोकाला हुंदकेसाहेब, पांढरी दाढी, डोळे अजून ओलसर. निपचितराव समोर येताच त्यांनी मान फिरवून पडद्याच्या कापडाचा पोत तपासला. मग प्राचार्य, पोहण्याच्या बाई, डॉक्टर, आणि शेवटी निपचितराव. पहिल्या रांगेत अगदी मधोमध ताई, तिच्या शेजारी बायको. बायकोचा चेहरा असा, की विमा काढून ठेवावा.

डॉक्टरांची चित्रफीत झाली, टाळ्या झाल्या. बाईंची सुरू झाली. पडद्यावर मुलं पाण्यात उड्या मारत होती आणि सगळे माना वळवून बघत होते. डॉक्टर मात्र आदल्या दिवसापासून शस्त्रक्रियाच करत होते. त्यांची हनुवटी छातीवर टेकली, तोंड जरासं उघडलं आणि एक हात खुर्चीवरून खाली लोंबला. निपचितरावांनी धंद्याच्या नजरेने बघितलं. हात चांगला पडला होता.

मग त्यांना पायऱ्यांवर पावलं ऐकू आली. ताई मंचावर येत होती. अर्धवट उजेडात, कठडा धरून, डॉक्टरांवरची नजर न हलवता. कुणी अडवायच्या आत ती पोहोचली आणि बोट बरगडीत गेलं.

"कुठाय पेशंट?" डॉक्टर ताडकन उठले.

सभागृह हसून लोळायचं बाकी राहिलं. "काही नाही, बसा तुम्ही," म्हणून ताई वळली. लोकांना ती मिस्कील म्हातारी वाटली. काहींनी टाळ्याही वाजवल्या. पण ती निपचितरावांच्या अगदी पुढून गेली आणि त्यांना तिचा चेहरा दिसला. रंग उडाला होता. पायरी उतरायच्या आधी तिला कठडा दोन्ही हातांनी धरून थांबावं लागलं. एका परक्या माणसाच्या डुलकीने ही गत. आणि आता पडद्यावर भाऊ येणार होता, भिंतीएवढा, जिन्याखाली, बाकावर, पाण्यात.

बाईंची फीत संपली, दिवे लागले. "आणि आता," प्राचार्यांनी माइक घट्ट धरला, "ज्यांनी न बोलता, न हलता कलेची सेवा केली…"

निपचितराव बसलेले. पहिली फीत लागली तर हुंदकेसाहेबांना ती बघावीच लागणार होती. हजारभर माणसं बघणार होती, की हा माणूस काय होता. उद्यापासून आरसा धरणारे आरसा खाली ठेवणार होते. पुन्हा असं कोण, कधी दाखवणार? त्यांनी गुडघ्यांना उठायला सांगितलं. गुडघे ऐकेनात. उभ्या आयुष्यात त्यांना एकच गोष्ट शिकवली होती.

"…असे आपल्या सर्वांचे लाडके…"

खाली ताई ओढून आणलेलं हसू तोंडावर ठेवून त्यांच्याकडे बघत होती. मांडीवरचे दोन्ही हात तिने एकमेकांत घट्ट अडकवून टाकले होते. मागच्या बाजूने दिवे मालवायला लागले. एक ओळ गेली. दुसरी गेली.

निपचितराव उभे राहिले.

"अहो, बसा, बसा! अजून नाही!" प्राचार्य माइकवर हात ठेवायला विसरून ओरडले. "आधी फीत!"

"राहू दे," निपचितराव म्हणाले, आणि उभेच राहिले. शेवटचा दिवा गेला.

पडद्यावर शवागार आलं. म्हातारी आई आत येते. चादर बाजूला होते. निपचितरावांनी पडद्याकडे बघितलं नाही, ते पहिल्या रांगेकडे बघत होते. पडद्याच्या निळसर उजेडात ताई अर्धवट उठलेली दिसली. बायकोने तिचा हात पकडला होता. आई बोलत होती, बोलत होती, आणि निपचितरावांना वाटलं, ही नटी आजही थांबत नाही. हे थांबत का नाही? ताईचं तोंड उघडलं होतं, त्यातून आवाज येत नव्हता.

आणि मग पडद्यावरचं पोट वर आलं.

आधी मागून कुणीतरी फसकन हसलं. मग आलीच ती लाट. "माई, तो ऐकतोय!" कुणाच्यातरी जिभेवर ते वाक्य आजवर तयार होतं. टाळ्या, शिट्या, बाकं बडवणं. निपचितरावांचे कान तापून लाल झाले. ते मंचावर उभे होते आणि त्यांच्या मागे ते पंधरा फुटांचे होऊन श्वास घेत होते. त्या गदारोळात फक्त एक माणूस हसत नव्हतं.

"हललं," ताई म्हणाली. मग शेजारी बसलेल्यांना, मागच्या रांगेला, सगळ्यांना सांगत सुटली, "पोट हललं त्याचं! श्वास घेतोय तो!" आणि मटकन खाली बसली.

दिवे लागले. प्राचार्यांना असा घाम फुटला होता की त्यांनी कपाळ पुसायला निपचितरावांच्या गौरवपत्राचाच कागद घेतला. हुंदकेसाहेब सावकाश उठले. मानचिन्ह काचेचं, जड होतं. ते त्यांनी टेबलावरच राहू दिलं आणि माइक ओढून घेतला.

"तो माझा सर्वांत चांगला चित्रपट होता," ते म्हणाले. "मी चार वर्षं त्यावर घालवली. आणि या माणसाला फक्त एक काम होतं. काही न करण्याचं. तेवढंही झालं नाही. आज मला कळत नाही, की मी यांना मानचिन्ह नक्की कशाबद्दल देतोय."

काही लोक हसले, काही खाली बघायला लागले. निपचितरावांनी मान डोलावली. मान्यच होतं त्यांना.

"ओ साहेब!"

ताई पहिल्या रांगेत उभी होती.

"ते जे काय तुम्ही दाखवलंत, ते कुठे केलंत?"

हुंदकेसाहेब गोंधळले. "एका… शीतगृहात. बर्फाच्या. खरं वाटायला हवं म्हणून."

"तरीच! ती म्हातारी बोलते तर तिच्या तोंडातून वाफ निघतेय. तिच्या अंगावर शाल, तुमच्या त्या इन्स्पेक्टरच्या अंगात कोट, आणि माझा भाऊ उघडा! वर एक चादर, तीही तुम्ही काढून घेतलीत! ती बाई बोलायची थांबेना, तर एकाने तरी जाऊन बघायचं होतं ना, की पोराला थंडी वाजतेय का?"

"अहो बाई, तो मेलेला—"

"मेला नव्हता तो!" ताईचा आवाज चिरकला. "मेला नव्हता, आणि तुम्ही सगळे दुसरीकडे बघत होतात!"

कुणी हसलं नाही. हुंदकेसाहेबांनी माइक खाली ठेवला. मग त्यांनी ते काचेचं मानचिन्ह दोन्ही हातांनी उचललं, निपचितरावांकडे आणून दिलं, आणि त्यांच्या बोटांना आपली बोटं लागली तेव्हा खालच्या आवाजात विचारलं, "बोलला का नाहीत कधी?"

"संवाद नव्हता," निपचितराव म्हणाले.

कार्यक्रम संपला. लोक पांगले. जाताना कुणीकुणी अजून पोट फुगवून दाखवत होते, म्हणजे तो डाग काही धुऊन निघाला नव्हता. यापुढे गावात ते तेच राहणार होते, श्वास घेतलेलं प्रेत. ताई पुन्हा खाली बसली होती ती जागची उठली नव्हती. ते तिच्या शेजारी जाऊन बसले.

"गर्दीत असतोस म्हणालास."

"हं."

"बाकीच्या सिनेमांतही असाच?"

खोटं बोलायला आता जागा नव्हती. "असाच. म्हणजे, इतकाही वाईट नाही."

"हलतोस?"

"नाही, ताई. हा एकदाच."

ती रिकाम्या पडद्याकडे बघत राहिली. बायको जवळ येऊ लागली ती निपचितरावांनी हात करून थांबवली. कात्रीबाई यंत्राच्या खोलीतून खाली येऊन दाराशी उभ्या होत्या.

"ते आहे का इथे? बाकीचं?"

"आहे. पण तू नको बघूस."

"तू इथे शेजारी बसणार आहेस ना?"

"बसणार आहे."

"मग लावायला सांग त्यांना. आणि अंधार करू नका म्हणावं. दिवे असू देत."

दिवे असल्यामुळे पडद्यावरचं सगळं फिकट दिसत होतं. जिन्याचा पायथा आला. ताईने डोळे मिटले, उघडले, वळून शेजारी बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"हा पाय वरच राहिलाय. लागलं होतं?"

"गुडघ्याला. थोडं."

"घरी सांगितलंस?"

"नाही."

बाक आलं, वर्तमानपत्र फडफडलं. ऊन होतं का, तिने विचारलं. होतं, तो म्हणाला, कडक होतं. तिने च् केलं. मग नदी आली. फुगलेला शर्ट, आणि नुसता पाण्याचा आवाज. ताई पुढे वाकली. यावेळी तिने वळून बघायला बराच वेळ लावला.

"पाणी थंड होतं?"

"होतं."

"बाहेर आल्यावर अंग पुसायला कुणी काही दिलं?"

निपचितराव आठवायला लागले. खरंच आठवत नव्हतं. चित्रीकरण झालं, सगळे पुढच्या जागी निघाले, ते गवतावर बसले होते.

"कुणी नाही वाटतं, ताई."

ताईने ओठ घट्ट मिटले. मग दाराकडे बघून कात्रीबाईंना म्हणाली, "पुढचं लावा."